सगळी कारणं खरी

“ताई, समजा ही अडचणसुद्धा आम्ही दूर केली, तर तुम्ही हो म्हणाल का?”

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की थोरलीला क्षणभर वाटलं, तो अजून थोडा चहा मिळेल का असंच काहीतरी विचारतोय. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत ‘आता नीट दिसतंय की आधीचं बरं होतं?’ असं विचारायची सवय. त्यामुळे त्याच्या प्रश्नाला कधी टोक नसे. समोरचा घाईने काहीतरी ठोकून देतोय हे त्याला कळे, आणि कळलं तरी काही न बोलता तो दुसरं भिंग लावे. आत्ताही तो तसाच बघत होता. धाकटी खिडकीपाशी उभी राहून खाली रस्त्याकडे बघत होती. आतल्या खोलीत बाबा झोपले होते, त्यांच्या श्वासाची घरघर दाराच्या फटीतून येत होती. थोरली म्हणाली, “तेव्हाचं तेव्हा बघू,” आणि उठून कप गोळा करायला लागली. त्याच्या कपात अजून अर्धा चहा होता. तोही तिने उचलला. त्याने हात पुढे केला होता तो तसाच गुडघ्यावर ठेवला.

स्वयंपाकघरात येऊन तिने नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिली. चौथी अडचण होती ती. दोन महिन्यांपूर्वी दोघांनी पहिल्यांदा विषय काढला: बाबांना आमच्याकडे नेतो. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, झटका आल्यापासून दीड वर्षात बाबा फक्त दवाखान्यासाठी खाली उतरलेत, तेही खुर्चीत बसवून. तू नऊला बाहेर पडतेस ती सहाला येतेस, दिवसभर सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत बसायचं त्यांनी. आमचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण आहे, मी घरातच शिवणकाम करते. थोरली तेव्हा लगेच म्हणाली होती, डॉक्टरांचं काय? इथले डॉक्टर त्यांना पहिल्यापासून ओळखतात. पंधरा दिवसांत मेहुण्यांनी त्यांच्या गल्लीपासून पाच मिनिटांवरचा डॉक्टर शोधला, जुन्या डॉक्टरांशी त्याचं बोलणं करून दिलं, कागद नेऊन दिले. मग तिला तुमच्या न्हाणीघरातली पायरी आठवली. पायरी फोडली गेली, फरशी सपाट झाली, भिंतीला धरायला दांडा लागला. मग ओल. त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला ओल होती, हे तर कुणीही नाकारलं नसतं. भिंत खरवडली, गिलावा झाला, रंग वाळला. आणि आज ती म्हणाली होती, मागे शाळेचं मैदान आहे, मधल्या सुट्टीत केवढा गोंगाट असतो, आजारपणापासून बाबांना आवाज सोसत नाही. हेही खरंच होतं. चारातलं एकही कारण खोटं नव्हतं, हे ती कुणाच्याही समोर शपथेवर सांगायला तयार होती. पण तो प्रश्न कारणांबद्दल नव्हताच. त्या माणसाने चारही कारणं तिच्या हातातून हळूच काढून बाजूला ठेवली होती आणि विचारलं होतं, आता हातात काय आहे दाखवा.

आणि हे तिला कळू नये असं नव्हतं. सत्तावीस वर्षं ती कोर्टात स्टेनो होती. स्टेनोबाई म्हणूनच तिला सगळे ओळखत. नवे वकील तर तिचं नाव विचारायचेही नाहीत. लोक मोठमोठ्याने भांडत असताना त्यांच्या तोंडाकडे न बघता नुसते शब्द पकडत राहायचं, हे तिचं काम. त्यातून तिला वाद कानाने कळायला लागला होता. जो माणूस खरोखर एखाद्या गोष्टीसाठी भांडतो तो एकाच कारणाला घट्ट धरून बसतो, अडखळतो, तेच तेच बोलतो, त्याचं वाक्य लिहून घेताना बोटं दुखतात. ज्याला दुसरंच काहीतरी हवं असतं त्याची वाक्यं मात्र स्वच्छ येतात. एक कारण पडलं की तो त्याच्याकडे वळूनही बघत नाही, दुसरं उचलतो. आधीचे न्यायाधीश साहेब, निवृत्त झाले ते, एकदा चेंबरमध्ये निकाल सांगता सांगता थांबले होते. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवरून दोन शेजाऱ्यांचा दावा होता, अकरा वर्षं चाललेला. ‘सद्भावनेने’ हा शब्द उच्चारून ते थांबले आणि म्हणाले, “स्टेनोबाई, खोटं बोलणारा मला परवडतो. त्याला उलटतपासणीत धरता येतं. खरं बोलून फसवणाऱ्याला कुठून धरू?” मग म्हणाले, “हे लिहू नका.” तिने लिहिलं नव्हतं. सद्भावनेने हा शब्द मात्र तिने आयुष्यात हजारदा लिहिला असेल. लघुलिपीत त्याची फार छोटी खूण होते, एक वळण आणि एक टिंब.

बाहेर दोघं निघायला उठली. बाबा जागे झाले होते, धाकटी त्यांच्या खोलीत गेली, आणि नळाच्या आवाजातूनही थोरलीला ऐकू आलं ते त्यांचं हसणं. तिने नळ बंद केला नाही. पण कान बंद होत नाहीत. झटक्यानंतर बाबांचं हसणं बदललं होतं, तोंड एका बाजूने उघडायचं आणि आतून ‘हॅ हॅ’ असा कोरडा आवाज यायचा. पण हसणं होतं, आणि ते रविवारी यायचं. बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. धाकटी दर रविवारी कुठल्यातरी पाटीवरची चूक हेरून आणायची आणि खोलीत शिरताच मोठ्याने वाचायची. आज ती म्हणाली, “बाबा, एका लॉजवर लिहिलंय, येथे गरम प्राण्याची सोय आहे.” त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. थोरलीने एकदा हे करून बघितलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. कोर्टासमोरच्या एका वकिलाच्या पाटीवर ‘मोफत सला’ असं लिहिलेलं तिने मुद्दाम लक्षात ठेवलं, संध्याकाळी चपलाही न काढता त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. बराच वेळ शब्द जुळवले आणि गंभीरपणे म्हणाले, “ल ला ल जोडताना... जागा पुरली नसेल.” मग विचारलं, “गोळी... झाली का?”

हे पहिल्यांदा होत नव्हतं. ती अकरा वर्षांची होती तेव्हा सुट्टीत बाबांबरोबर दुकानांवर जायची. पाटीवर सरळ रेघ आखायला ते खडूने माखलेली दोरी ताणायचे. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तिच्या. ते मधोमध दोरी चिमटीत धरून सोडायचे, टणकन आवाज यायचा आणि पांढरी रेघ उमटायची. टोक जराही हललं तर रेघ वाकडी. तिचं टोक कधी हललं नाही. बाबा म्हणायचे, “हिचा हात म्हणजे खिळा.” केवढा अभिमान वाटायचा तिला त्या खिळ्याचा. मग एके दिवशी सहा वर्षांची धाकटी मागे लागून आली आणि बाबांनी तिच्या हातात बारीक कुंचला दिला, आखलेल्या अक्षराच्या पोटात रंग भरायला. तिने तोंडाला, फ्रॉकला, शेजारच्या भिंतीला रंग लावला आणि ‘क’च्या पोटात एक डोळा काढला. बाबा शिडीवरून खाली उतरून हसत बसले. दोन दिवस थोरलीने दोरी धरली आणि बघितलं. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, “आई, तिला टर्पेंटाइनच्या वासाने खोकला येतो. काल झोपेत खोकत होती.” ती खोकत होती हे खरं होतं. आईने धाकटीला पाठवणं बंद केलं. धाकटी दारात बसून रडली, आणि थोरली बाबांचा डबा हातात घेऊन तिच्या अंगावरून ओलांडून गेली. ती सगळी सुट्टी रेघा सरळ आल्या. बाबा काम करताना गुणगुणायचे, ते त्या सुट्टीत गुणगुणले नाहीत. किंवा गुणगुणले असतील, तिला आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तिच्या पोटात कुणीतरी पेटती काडी टाकावी तसं काहीतरी जळत होतं आणि तोंडातून निघालेलं वाक्य मात्र थंड होतं, समंजस होतं, मोठ्या बहिणीला शोभेल असं होतं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, किती काळजी गं तुला तिची.

सोमवारी कोर्टात सामाईक भिंतीचा दावा निघाला. ज्यांना सगळे तारीखवाले म्हणत ते वकील उभे राहिले. मागच्या वेळी त्यांनी नकाशा नाही म्हणून तारीख घेतली होती, आज नकाशा आला होता, तर त्यावर सही अस्पष्ट होती. सही खरंच अस्पष्ट होती. थोरलीची बोटं चालत होती आणि ती पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटायचं, असं बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असेल, लबाडी, निदान मजा. तसलं काही नव्हतं. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा होता. सहीच्या अस्पष्टपणाने त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. म्हणजे आतून असं असतं, ती मनाशी म्हणाली. आपल्यालाही खरंच वाईट वाटतं, पायरीचं, ओलीचं. साहेबांनी विचारलं, “स्टेनोबाई, शेवटचं वाक्य वाचा.” तिने ते घेतलेलंच नव्हतं. सत्तावीस वर्षांत असं दोनदा झालं असेल. पूर्वी एकदा, नवरा वेगळं राहायचं म्हणाला होता त्या आठवड्यात.

एवढं कळल्यावर माणसाने थांबायला हवं होतं. पण कळण्याचा आणि थांबण्याचा काही संबंध असतो, असा तिचा अनुभव नव्हता. बुधवारी संध्याकाळी ती बाबांची नखं काढत बसली होती. उजवा हात निर्जीव, जड, तिच्या मांडीवर ठेवलेला. ती अगदी सहज म्हणाली, “धाकटीच्या घरामागे शाळेचं मैदान आहे ना, बाबा?”

बाबांनी मान हलवली.

“दिवसभर मुलं ओरडत असतात. परवा खाली लग्नाचा बँड वाजला तेव्हा तुमचं डोकं किती दुखलं होतं.”

“हो.”

“तिथे तर रोजचंच ते. सोसेल तुम्हाला?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना शब्द शोधायला वेळ लागायचा. कधी कधी शोधायचा कंटाळा आला की ते समोरच्याचाच शब्द उचलून परत द्यायचे. “नाही... सोसणार,” ते म्हणाले.

“मग नकोच ना जायला?”

“नको.”

तिने त्यांचं करंगळीचं नख फार जपून काढलं. मग हात धुतले आणि धाकटीला फोन लावला. “मी काही म्हणत नाही,” ती म्हणाली, “पण बाबाच नको म्हणतायत.” पलीकडे शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. मग धाकटी “बरं” म्हणाली.

त्यानंतरचे तीन दिवस थोरली हलकी होती. भाजी घेताना भाजीवालीशी हसून बोलली. सांभाळणाऱ्या बाईला तिने जुनी चादर देऊन टाकली. मधेच एखाद्या क्षणी त्या ‘नको’चा आवाज कानात यायचा, तिच्याच आवाजाची सावली असल्यासारखा, तेव्हा ती लगेच काहीतरी काम काढायची. आणि शनिवारी संध्याकाळी मात्र तिला वाटलं की उद्या धाकटी येईल, उद्या बाबा पुन्हा हसतील, आणि मग ती त्या विचारावरच रागावली. जो बाप नको म्हणाला त्याने तरी हसू नये.

रविवारी धाकटी एकटीच आली. नवऱ्याला आणलं नव्हतं. पाटी-बिटी काही सांगितली नाही. सरळ बाबांच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, पाचेक मिनिटांत बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. थोरली डबे पुसत होती.

“त्यांना विचारलं मी,” धाकटी म्हणाली. “का नको म्हणून. तर म्हणाले, ताई म्हणाली गोंगाट फार.”

थोरली डब्याचं झाकण पुसत राहिली.

“ताई, तू भांड माझ्याशी. लहानपणापासून भांडतेस, मी काही मरत नाही त्याने. पण खऱ्या कारणावरून भांड ना. दोन महिने नवरा माझा पायऱ्या फोडतोय, भिंती खरवडतोय. त्याला मी काय सांगू? तू करत राहा, तिला भिंतीचं काही पडलेलं नाहीये?”

“ओल होती की नव्हती?”

“होती.”

“मग?”

“मग काही नाही. तू जिंकलीस.” धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ती वळून चपला घालायला लागली. एक चप्पल घातली, दुसरीचा पट्टा बसेना. भिंतीला हात टेकून एका पायावर उभी राहिलेली ती पाठमोरी, सत्तेचाळीस वर्षांची, केसांत मागच्या बाजूला शिवणाचा पांढरा धागा अडकलेला. थोरलीला वाटलं, आता ही गेली की सगळं आहे तसं राहील. बाबा इथे राहतील, हसणार नाहीत, आणि मी जिंकलेली असेन.

“ते तुझ्याशी हसतात,” थोरली म्हणाली.

धाकटीने मागे वळून बघितलं.

“आठवडाभर मी त्यांचं सगळं करते. आंघोळ घालते, नखं काढते, भरवते. माझ्याशी एकदाही हसत नाहीत. तू अर्धा तास येतेस नि...” तिला वाटलं होतं की हे बोलताना रडू येईल. आलं नाही. उलट शब्द अडखळत होते, एकात एक अडकत होते, हे कुणी लिहून घेत असतं तर त्याची बोटं दुखली असती. “तू नेलंस तर ते रोज हसतील. ते मला नकोय. म्हणजे त्यांनी हसू नये असं नाही. मला सोडून हसू नये. हे आहे. डॉक्टर, पायरी, ते काही नाही.”

धाकटीने घातलेली चप्पल काढली आणि येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. ती म्हणाली, “हे काही मला दूर करता यायचं नाही.”

“माहितीये.”

“आणि मीही काही फार चांगली नाहीये. नऊ वर्षं, आई गेल्यापासून, जो तो तुझंच नाव घेतो. थोरलीने बापाचं केलं. मलाही वाटतं कुणी म्हणावं. अंगण-बिंगण असतंच, पण मला तेही हवंय.” ती जराशी हसली. “भाचीच्या लग्नात मावशी तुझा हात हातात घेऊन बसली होती. माझ्या ताटात काय आहे तेही तिने बघितलं नाही.”

मग दोघी बाबांच्या खोलीत गेल्या. पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या. थोरलीने विचारलं, तिनेच विचारायचं असं न बोलता ठरलं होतं. “बाबा, मी काही सुचवणार नाही. तुम्हाला कुठे राहायचंय?” बाबा आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिले, एखाद्या पोराला कुणी दोन्ही मुठी दाखवाव्यात तसे. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलत होता. दोघींनी घाई केली नाही. “जाऊन... बघतो,” ते धाकटीकडे हात करून म्हणाले. आणि मग, बहुधा थोरलीच्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल म्हणून, तिच्याकडे वळले. फार कष्टाने, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, “तू फार... करतेस. तुझ्याकडे मी... आजारी असतो.” थोरलीचं बोट मांडीवर आपोआप हललं. तिने ते वाक्य लघुलिपीत उतरवून घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी ती धाकटीसाठी यादी करायला बसली. तिच्याइतकी नीट यादी कुणी केली नसती. सकाळचा चहा कोमट, कपाला दोन कान असलेला. दाढी एक दिवसाआड, आधी उजवा गाल. उजव्या बाहीत आधी हात घालायचा. रेडिओ कुठे लावायचा, कधी बंद करायचा. झोपताना पायांमध्ये उशी. सतरा मुद्दे झाले. अठरावा मुद्दा गोळ्यांचा होता, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, आणि एकोणिसावा लिहायला तिने पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. पातळ काही गिळताना बाबांची हनुवटी छातीशी टेकलेली हवी, नाहीतर पाणी श्वासाच्या वाटेने जायचं. दवाखान्यातल्या बाईंनी हे तिला एकटीला शिकवलं होतं. बाबा विसरायचे. म्हणून तिने एक युक्ती काढली होती: त्यांच्या मानेमागे, केस संपतात तिथे, दोन बोटं टेकवायची, बोटं लागली की ते हनुवटी खाली घ्यायचे. दिवसा येणाऱ्या बाईलाही तिने ते शिकवलं होतं. धाकटीला नाही. रविवारचा चहा थोरलीच पाजायची, पाठीमागून हात घालून, कुणाच्या लक्षातही येत नसे. पहिल्या महिन्यात एकदा त्यांना असा ठसका लागला होता की ओठ निळे पडले होते. हे सगळं ठाऊक असताना पेन तसंच राहिलं. हे काही कागदावर लिहून कळण्यासारखं नाही, तिला वाटलं. हातानेच दाखवायला हवं. उद्या दाखवू. आणि तिने कागदाची घडी घातली.

रविवारी उतरत्या दुपारी मेहुणे गाडी घेऊन आले. गाडी नको तिथे उभी केली होती, खालचा दुकानदार कटकट करत होता. तीन मजले उतरायला पंचवीस मिनिटं लागली. दाखवायला वेळच मिळाला नाही, ही गोष्टही खरीच होती. बाबा मागच्या सीटवर बसले, त्यांनी डावा हात वर केला. गाडी वळली. थोरली वर आली, त्यांच्या खोलीतली चादर काढली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. दिवस मावळायला आला होता. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की खुर्ची तिने ओढून चार्जिंगला लावलेल्या फोनपाशी आणली आहे. ती वाट बघत होती. सात वाजता त्यांना ठसका लागेल, धाकटी घाबरेल, फोन वाजेल, धाकटी म्हणेल, ताई तू ये, मला जमत नाही. ते सगळं संभाषण तिच्या डोक्यात तयार होतं, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं. उद्या परत आणू हं बाबांना, असं आपण कसं म्हणायचं तेसुद्धा.

तिने फोन उचलून धाकटीचा नंबर फिरवला. वाजत राहिला. मेहुण्यांचा फिरवला, तोही वाजत राहिला. सव्वासहा झाले होते. दाराशी येताना खुंटीवरचा बाबांचा मफलर दिसला, तो तिने ओढून घेतला, पर्स घेतली आणि जिना उतरली. बस लगेच मिळाली, पण पुलाजवळ गर्दीत अडकली. ती दाराच्या मागच्या सीटवर बसली होती, मफलर मांडीवर. मफलर राहिला म्हणून आले, ती मनात म्हणाली. संध्याकाळी त्यांना मानेला गार लागतं. हेही खरं होतं. आणि हे वाक्य किती झटकन, किती गुळगुळीत आलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं. पलीकडच्या सीटवरची बाई पोराला गणिताचा पाढा म्हणायला लावत होती आणि ते पोर सातवर पुन्हा पुन्हा अडत होतं. थोरलीने पुन्हा फोन लावला. मग बस सुटली.

सातला तीन मिनिटं कमी असताना ती त्यांच्या फाटकात पोचली. शेवटच्या चढावर ती जवळजवळ धावली होती. अंगणात बाकावर बाबा बसले होते, मान मागे टाकून, झाडांत कुठेतरी बघत. धाकटी शेजारी, एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. फोन आत कुठेतरी पडले असणार. “थांब,” थोरली म्हणाली. तिला दम लागला होता. “पाणी देऊ नकोस.”

मेहुणे दारातून बाहेर आले. “ताई? काय झालं? काही राहिलं का?” त्यांनी तिच्या हातातल्या मफलरकडे बघितलं. “अहो, एवढ्यासाठी कशाला धावत आलात?”

तिला नुसती मान हलवायची होती. एवढ्यासाठीच आले म्हणायचं, मग सहज म्हणून पाणी कसं पाजायचं ते दाखवायचं, चहा घ्यायचा, परत जायचं. कुणाचं काही बिघडलं नसतं.

“मफलरसाठी नाही आले,” ती म्हणाली. “यादीत एक मुद्दा मी लिहिला नव्हता. पाण्याचा. मान अशी मागे असताना पाणी दिलं तर त्यांचा श्वास अडकतो.”

“विसरलीस?” धाकटीने विचारलं.

“नाही.”

धाकटीने हातातल्या पेल्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि पेला नि गोळ्या हळूच बाकावर ठेवल्या. मेहुण्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. थोरलीला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. बाबा दोघींकडे बघत होते; त्यांना कितपत कळलं होतं कोण जाणे.

“कसं द्यायचं मग?” शेवटी धाकटी म्हणाली. तिच्याकडे न बघता.

थोरली बाकाच्या मागे गेली. सवयीने तिचा हात बाबांच्या मानेकडे गेला आणि मधेच थांबला. मग तिने वाकून धाकटीचा हात धरला. सुईने खरखरीत झालेली बोटं होती, गार पडलेली. त्यातली दोन तिने बाबांच्या मानेवर, केस संपतात तिथे, नेऊन टेकवली. बाबांची हनुवटी खाली आली. धाकटीने दुसऱ्या हाताने एक गोळी त्यांच्या तोंडात ठेवली, मग पेला उचलून ओठाला लावला. घोट गेला, गोळी गेली. खोकला आला नाही. बाबांनी मान वर केली आणि धाकटीकडे बघून तोंडाची एक बाजू उघडली, हॅ हॅ करून. थोरलीच्या पोटात काडी पेटली ती पेटलीच. तिने धाकटीचा मनगटाशी धरलेला हात सोडला नाही.

“अजून एक गोळी आहे,” ती म्हणाली. “आता मी नाही धरणार. तू एकटीने दे.” आणि मग तिने हात सोडला.